पाचशे चाळीस म्हणजे स्वस्त?

रविवारी सकाळी सुबोधकाका आमच्याकडे आला तो चपला काढायच्या आधीच बोलायला लागला.

"ताई, चेक फाडू नकोस. तेजोरा पाचशे चाळीसला आलाय!"

तेजोरा म्हणजे तेजोरा मोटर्स या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचा शेअर. काका साकीनाक्याला ज्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, तिथे या गाडीच्या चार्जिंगच्या झाकणामागे बसणारे ब्रॅकेट बनतात. गाडीला दोन. तळहाताएवढी लोखंडी पट्टी, पण काका असं बोलतो जणू गाडी त्या पट्टीवरच चालते. रस्त्यात कुठे तेजोरा उभी दिसली की हा वाकून झाकण बघणार आणि म्हणणार, "आपला माल!" त्याच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी गेल्या दिवाळीचा बोनस त्याच शेअरमध्ये घातला. कारण काय, तर आपला माल आहे.

आणि ताई म्हणजे माझी कमलआत्या, बाबा आणि काकाची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते. अकरा वर्षं ती आमच्या चारकोपच्या दोन खोल्यांत पहाटे चारला उठून पोळ्या लाटतेय, दिवसाला दोनशे. माझ्या दप्तराला कायम पीठ लागलेलं असतं. आता तिने इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा बघितलाय, तळमजल्याचा, पाण्याची लाइन असलेला. डिपॉझिट चार लाख. मालकाने संध्याकाळी पाचची वेळ दिली होती, नाहीतर गाळा झेरॉक्सवाल्याला जाणार होता. काका तेच चार लाख मागायला आला होता.

"बाराशेला होता गो," तो आत्याच्या समोर पाटावर बसत म्हणाला. "आता अर्ध्याहून कमी. दिवाळीपर्यंत हजार बघ. चारचे सात होतील. मग एक सोडून दोन गाळे घे."

आत्या कणीक मळत होती. बाबाने पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.

"पडला म्हणजे स्वस्त झाला, असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"तू कांदे चीर."

मागच्या वर्षी मी चिरले असते. मागच्या वर्षी शाळेच्या वादविवादात मी स्टेजवर गेले, ग्लासभर पाणी प्यायले आणि एक शब्द न बोलता खाली उतरले होते. या वर्षी जिंकले. आणि काय मस्त वाटतं म्हणून सांगू, समोरचा बोलताना आपल्याला त्याच्या वाक्यातलं भोक दिसतं तेव्हा! मला आत्ता काकाच्या वाक्यात बोगदा दिसत होता.

"काका, तेजोरा एका शेअरमागे वर्षाला किती कमावते?"

"कमावते भरपूर."

"तीन रुपये. मी काल बघितलं. शेअर पाचशे चाळीसला. म्हणजे नफा असाच राहिला तर पैसे वसूल व्हायला एकशे ऐंशी वर्षं. बाराशेला होता तेव्हा चारशे वर्षं होती. चारशेची एकशे ऐंशी झाली, याला तू सेल म्हणतोस?"

"दहावीतला चेडू माका शेअर शिकवता!" काका चिडला की मालवणीत जातो. "निलेश, ऐकतंस मा? तुझ्या पोरीक जीभ फुटली."

"मुद्द्याचं बोल ना."

"मुद्दा? बस. ऐक." त्याने मांडी बदलली. "शेअर आजच्या नफ्यावर नसतो, उद्याच्या नफ्यावर असतो. पाच वर्षांपूर्वी या लिंक रोडवर हिरव्या नंबरप्लेटा किती होत्या? आता मोज. कंपनी नवीन आहे, मिळालेलं सगळं नव्या प्लांटमध्ये घालते, म्हणून तीन रुपये दिसतात. तीनचे तीस झाले की तुझी एकशे ऐंशीची अठरा होतील. हे नाही शिकवलं शाळेत?"

हा मुद्दा बरोबर होता. मला अजिबात आवडलं नाही. आत्याचे हात थांबले होते आणि ती आता काकाकडे बघत होती.

"तीस कधी होणार?"

"महिन्याला आठ हजार गाड्या काढणार आहेत. कंपनीनेच जाहीर केलंय."

"काढणार आहेत. काढतात किती?"

"अगं, काम बघ माझ्याकडचं!" त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर नाचवला. "शनिवारचीसुद्धा सुट्टी नाही आम्हाला. रोज टेम्पो भरतोय. हे घे, बघ. डोळ्यांनी बघ."

वर्कशॉपचा ग्रुप होता. रोज माल गेला की त्याच्या चलनाचा फोटो त्यात पडतो, किती नग, कुठल्या तारखेला, सगळं. मी मोबाइल घेतला आणि तिथेच फरशीवर बसून बेरीज करायला लागले. काका आत्याला नव्या प्लांटचं सांगत राहिला. दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की मोबाइल अजून माझ्याकडेच आहे.

"दे इकडे."

"थांब. तेजोराला ब्रॅकेट फक्त तुम्हीच देता ना? तूच सांगतोस, अख्ख्या देशात दुसरा कोणी नाही."

"नाहीच."

"जूनमध्ये सहा हजार दोनशे नग. जुलैमध्ये पाच हजार आठशे. ऑगस्टमध्ये पाच हजार चारशे. एका गाडीला दोन. म्हणजे एकतीसशे गाड्या, मग एकोणतीसशे, मग सत्तावीसशे. काका, आठ हजार कुठायत? ही तर दर महिन्याला कमी होतायत."

बाबाचा पेपर खाली आला.

"त्यांच्याकडे... साठा असतो जुना," काका म्हणाला.

"निम्म्याहून जास्त गाड्यांचा? तीन महिने? तू त्यांना तेवढा माल कधी दिला होतास?"

"गप रव म्हणतंय ना!" त्याने मोबाइल हिसकावून घेतला. "दोन आकडे मिळवता आले म्हणजे मोठी झालीस? लेथवर उभी राहा एक पाळी, मग बोल. एवढ्या माणसांचं पोट चालतंय त्या ब्रॅकेटवर आणि ही बया घरी बसून त्याची किंमत करणार!"

"ब्रॅकेटला कोण नावं ठेवतंय? शेअर महाग आहे म्हणतेय मी. बाराशेला महाग होता, पाचशे चाळीसलाही महागच आहे."

"अक्षता, पुरे," बाबा म्हणाला.

पण मला थांबायचं नव्हतं. मला आणखी एक भोक दिसलं होतं, सगळ्यात मोठं.

"एक सांग, शेअर घेणार कुठल्या खात्यात? आत्याचं डिमॅट खातंच नाहीये."

काकाने माझ्याकडे असं बघितलं की मी जागा बदलून बाबाच्या बाजूला सरकले.

"माझ्यात घेऊ," तो आत्याला म्हणाला. "घरातलंच तर आहे."

"सुबोध," आत्या पहिल्यांदा बोलली, "तुझे किती आहेत त्यात?"

"आहेत थोडे."

"किती?"

"तीन लाख."

"कितीला घेतलेस?"

आत्याने पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले आणि वाट बघत बसली. तिला वाट बघता येते, मला येत नाही, म्हणून मी मनातल्या मनात हिशेब करून टाकला होता.

"अकराशे ऐंशी," काका शेवटी म्हणाला.

"म्हणजे आत्याचे चार लाख घातले," मी म्हणाले, "की तुझ्या खात्यात एका शेअरची सरासरी किंमत दिसणार सातशेच्या आसपास. मग तुला तुझा तोटा एवढा दिसणार नाही. आणि वर्कशॉपमध्ये दाखवायला होईल, बघा, मी अजून घेतोय."

थप्पड बसेल असं वाटलं. बसली नाही. काका उठला, पाट पायाने भिंतीकडे सरकवला.

"मी सगळ्यांना घ्यायला लावलेत," तो म्हणाला. माझ्याशी नव्हे, आत्याशी. "वेल्डिंगवाल्या रतनने बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलंय. सोमवारी मी घेतले असते तर ती माणसं विकायची थांबली असती. आता तीसुद्धा विकणार." मग तो माझ्याकडे वळला. "बोल ना, हुशार. विकू? उद्या सव्वानऊला सगळे विकू? सांग, तुझ्या शब्दावर विकतो. परत हजारला गेला तर तू भरून दे."

महाग आहे हे मला माहीत होतं. उद्या काय होईल हे नव्हतं, आणि रतनने काय करावं हे तर अजिबात नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग तोंड कशाला उघडलंस?"

"आत्याच्या पैशांसाठी."

आत्याने हात धुतले. कपाटातून चेकबुक काढलं, टेबल नसल्यामुळे डब्याच्या झाकणावर ठेवून चेक लिहिला आणि बाबाला म्हणाली, "सोबत चल. पाचपर्यंत कशाला थांबायचं?"

"ताई, भावावर विश्वास नाही?"

"तू सकाळीच सांगितलं असतंस, माझे तीन लाख अडकलेत, तर मी बसून ऐकलं असतं. तू मला दोन गाळे दाखवलेस."

काका जेवला नाही. दारात चपला घालताना मला म्हणाला, "वर जाऊ दे एकदा. मग तुझं तोंडसुद्धा बघणार नाही."

सोमवारी तेजोरा बावीस रुपयांनी वर गेला. शाळा सुटून मी गाळ्यावर पोचते तोच काकाचा मेसेज आला, पाचशे बासष्टचा फोटो, खाली एक अक्षर नाही. मी तिथेच उभ्याउभ्या टाइप केलं, "अजून महाग आहे," आणि पाठवून दिलं. निळ्या टिक्स आल्या.

आत्या शेगडी कुठे बसवायची म्हणून भिंत मोजत होती. "कोण गं?"

"काका."

"त्याला विचार, रविवारी जेवायला येतोय का. हलवा आणून तळणारेय."

मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तिनेच फोन लावला. तीन रिंग झाल्या आणि त्याने कापला.