मोटर मागे की मध्ये

मामाचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा, पण जीव सगळा रेसच्या गाड्यांत. गाड्या म्हणजे हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या बग्गी. त्यांची फक्त मागची दोन चाकं जोर लावतात, पुढची दोन नुसती वळतात. अशी गाडी चालवणं म्हणजे ओल्या साबणाला दिशा दाखवणं. मामाला स्वतःला ते कधीच जमलं नाही. रिमोट हातात आला की त्याची बोटं बावचळायची. गाडी उघडून बसवायची म्हटली, की मात्र त्या बोटांना तोड नव्हती.

चालवायची त्याची भाची. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. ती चौदा वर्षांची असताना मामाने गंमत म्हणून तिच्या हातात रिमोट दिला आणि ती जी सुटली ती सुटलीच. मामा तिला ठमी म्हणायचा. क्लबमधले लोक दोघांचं नाव एका दमात घ्यायचे: मामा-भाची आले, मामा-भाची जिंकले. बारा वर्षं हेच चाललं होतं. ती तीन फेऱ्या मारून यायची आणि म्हणायची, "मामा, वळणावर शेपूट टाकतेय." मामा काही न विचारता मागची एक स्प्रिंग बदलायचा. पुढच्या फेरीला शेपूट जागेवर.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. क्लबचं मातीचं मैदान गेलं, आणि ठमीचं लग्न झालं.

मैदानाच्या जागी क्लबने एक जुना बॅडमिंटनचा हॉल घेतला आणि जमिनीवर खरखरीत गालिचा अंथरून त्यावर उडीचे लाकडी चढ उभारले. लग्न झालं ते चष्मे बनवणाऱ्या एकाशी. शांत माणूस, काचा घासता घासता मोजमापाची सवय लागलेला. पहिल्यांदा हॉलवर आला तो खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊनच. मामाने हसून त्याचं स्वागत केलं. "या जावईबापू, बघा आमचा पोरखेळ."

जावईबापूंनी पोरखेळ नीट बघितला, आणि तिसऱ्याच रविवारी ते म्हणाले, "मामा, एक विचारू? ही मोटर मागच्या चाकांच्याही मागे का आहे?"

"मग कुठे हवी? डोक्यावर?" मामा म्हणाला. "वजन मागे नसेल तर चाकं पकडणार कशी?"

"मातीवर बरोबर आहे. पण गालिचा चाकांना आपोआपच पकडतो. इथे पुढची चाकं हलकी पडतात, गाडी वळत नाही. आणि जबरदस्तीने वळवली की उलटते. मोटर चाकांच्या पुढे, गाडीच्या मध्यात घेतली तर?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी ठमीची गाडी चार वेळा उलटली होती. मामालाही ते दिसत होतं. पण हे वाक्य दुसऱ्या कुणी बोललं असतं तर त्याने ऐकलं असतं. जावयाच्या तोंडून ते आलं आणि मामाला झोंबलं.

"बारा वर्षं मागेच आहे," तो म्हणाला. "मागेच राहील."

ठमी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा गाडीची मोटर मध्यात होती. नवा सांगाडा, नवा गिअरबॉक्स, बॅटरी आडवी. नवराबायकोने घरी बसून बसवली होती. गाडी वळणावर अशी वळली, की जणू कुणी बोट धरून वळवतंय. एकदाही उलटली नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. मामाही वाजवत होता. मग त्याची नजर ठमीच्या हत्यारांच्या पेटीवर गेली. पेटीतल्या पान्ह्यांच्या मुठींवर त्याने एकेकाळी रंगीत दोरे गुंडाळून दिले होते. लाल दोऱ्याचा दीड मिलिमीटरचा, निळ्याचा दोनचा, पिवळ्याचा अडीचचा, म्हणजे घाईत शोधायला नको. आता पेटीत नवे पान्हे होते, मुठींवर आकडे कोरलेले, फोममध्ये आपापल्या खाचेत झोपलेले. जुने कुठे गेले हे विचारायला मामाची जीभ रेटली नाही.

"फार छान," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला तो अर्धा तास आलाच नाही.

त्यानंतर त्याला जावयाचं काही म्हणजे काही सोसेना. त्याचं हळू बोलणं सोसेना. प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहिणं सोसेना. ठमी तीन फेऱ्या मारून आता जावयाकडे वळायची, "अहो, पुढची चाकं गालिचा जरा जास्तच चावतायत," आणि तो वही उघडायचा. मामा दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा. उत्तर त्याच्या ओठांवर असायचं, पण विचारायचं कुणी?

घरी मामी म्हणाली, "तोंड का उतरलंय? भाची सुखात आहे ना?"

"आहे की. कोण नाही म्हणतंय?"

"मग तुम्हाला काय होतंय?"

मामा दुकानात निघून गेला.

क्लबमध्ये एक बेकरीवाला होता. मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नाही, पण वर्षानुवर्षं ठमीच्या मागे दुसरा यायचा आणि तेच त्याचं शल्य होतं. त्याने मामाला एकटं उभं बघितलं आणि हाक मारली, "मामा, आमच्या टेबलावर या की! खुर्ची रिकामी आहे."

मामा गेला. आधी नुसता बसला. मग त्याच्या गाडीचे शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्या, तपासले. मग म्हणाला, "तेल पातळ आहे, बदला." महिनाभरात बेकरीवाल्याची गाडी मामाची झाली. हॉलच्या त्या टोकाला बसून मामा मुद्दाम मोठ्याने हसायचा. ठमी मान वर करून बघायची, पुन्हा खाली घालायची.

इथवर फारसं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते क्लबच्या वार्षिक ढालीच्या शर्यतीच्या दिवशी.

अंतिम फेरीआधी ठमी आणि जावई गाडीवर वाकून बसले होते. तो काहीतरी म्हणाला, ती खळखळून हसली आणि तिने त्याच्या खांद्यावर चापट मारली. एवढंच. तशी चापट बारा वर्षं मामाच्या खांद्यावर पडली होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो बेकरीवाल्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "मोठ्या उडीच्या आधी ती क्षणभर गॅसचा खटका सोडते. पापणी लवावी तेवढाच. उजवीकडून चिकटून राहा आणि तुम्ही सोडू नका."

बेकरीवाल्याने डोळे विस्फारले. "नक्की?"

"नक्की."

चौथ्या फेरीत ते झालं. दोन्ही गाड्या जोडीने उडीवर आल्या, ठमीचं बोट सवयीने सुटलं, आणि बेकरीवाला हवेतूनच पुढे गेला. ठमी दचकली. तिने गडबडीत गॅस दाबला, गाडीचं नाक वर उठलं, गाडी कडेच्या पाइपावर आदळून पाठीवर पडली. पुढचं चाक धरणारा हात तुटला. सगळं संपलं.

बेकरीवाला नाचत होता. ठमी चालक उभे राहतात त्या ओट्यावरून उतरली आणि सरळ मामासमोर आली.

"त्याला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मी गॅस सोडते ते."

"वर्षानुवर्षं तुझ्या मागे धावतोय तो. दिसलं असेल."

"मागून नाही दिसत, मामा." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मला स्वतःला माहीत नव्हतं. तू सांगितलंस मला. पहिली गाडी मैदानावरच्या उडीवर मोडली तेव्हापासून मी उडीला घाबरते, हे तू मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलंस. आणि म्हणालास, असू दे, कुणाला कळत नाही."

मामा तिच्या बुटांकडे बघत राहिला. ती तुटलेली गाडी उचलून निघून गेली.

घरी मामीला त्याने स्वतःच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ताट समोर ठेवलं. "पोटच्या पोरीसारखी वाढवलीत आणि तिचीच भीती विकलीत. जेवा आता."

तीन रविवार मामा हॉलकडे फिरकला नाही. चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, दुकानाच्या दारात जावई उभा. हातात रुमालात गुंडाळलेले दोन शॉक.

"तिने पाठवलं नाही," तो आधीच म्हणाला. "मीच आलोय. मागचे दोन शॉक सारखे होतच नाहीत. मोजून तेल भरलं, तरी डावा लवकर परततो."

मामाने एक शॉक घेतला, कानाशी धरला आणि दांडा हळूहळू आत ढकलला. "हवा राहिलीय. ऐका, चुळुक वाजतंय."

जावयाने कान लावला. "मला नाही ऐकू येत."

"येईल." मामाने झाकण उघडलं, दांडा वरखाली करत बुडबुडे निघेपर्यंत थांबला. काम करता करता त्याने न बघता विचारलं, "माझ्याकडे कसे आलात? मी काय केलं ते माहीत आहे ना?"

"आहे." जावई स्टुलावर बसला. "तुमचा रागही आला. पण खरं सांगू? त्याआधीपासूनच येत होता. हिचं प्रत्येक वाक्य 'मामा असं करायचा' इथून सुरू होतं. मी मोटर मध्ये घेतली, महिनाभर राबलो. गाडी पळाली तर ही काय म्हणाली? मामाला आवडली असेल का. ऐकून ऐकून कान किटले माझे."

मामाचा हात थांबला. त्याला लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण लाजेआधी एक गोड उकळी फुटली. हाही जळतो! माझ्यावर! ती उकळी जावयाला दिसू नये म्हणून त्याने उगाचच दिव्याखाली वाकून शॉक निरखला.

"हे घ्या," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही सारखे झाले. आणि मोटर मध्येच बरोबर आहे. गालिच्यावर."

"हे तिला सांगाल?"

"तीच ऐकायची नाही."

"प्रयत्न करून बघा."

रविवारी मामा गेला. ठमी सराव करत होती. मामाने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी होती. मोटरचीही आणि त्या दिवसाचीही." तिने गाडी थांबवली. मग उडीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथे जाऊन उभा राहा. माझी गाडी उलटली की सरळ कर."

तो जाऊन उभा राहिला. ती गॅस न सोडता उडी मारायला शिकत होती. गाडी कधी नाकावर पडे, कधी पाठीवर, कधी थेट त्याच्या नडगीवर. दुपारभर मामा वाकत होता, गाडी सरळ करत होता, उठत होता. तिसाव्या वेळेनंतर त्याने मोजणं सोडलं. कंबर धरली तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "दमलास?"

"नाही."

"मग वाक."

संध्याकाळी सलग दहा उड्या साफ गेल्या. ठमी खाली आली, तिने गाडी मामाच्या हातात दिली. "शॉक तुझ्याकडे. बाकीचं हे बघतील. आणि मी कशी चालवते, ते यापुढे मी तुला सांगणार नाही."

"बरं," मामा म्हणाला.

पुढच्या शर्यतीत ती दुसरी आली, बेकरीवाल्याच्या एका गाडीभर मागे. तिला वाईट वाटलं, पण गाडी कुठे चुकली नव्हती. टेबलाशी जावई वही उघडून बसला, ठमी त्याच्या खांद्यावरून वाकली आणि दोघं कुठल्याशा आकड्यावर हुज्जत घालू लागले. मामाला पुन्हा तेच झोंबलं. आता त्याला ते ओळखीचं झालं होतं. त्याने मागचा एक शॉक सोडवला, फडक्याने पुसला आणि दांड्याला कुठे ओरखडा पडलाय का ते बघत बसला.