परत द्यायचा डबा

घर विकायला माझी ना नव्हती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर सदाशिव पेठेतला तिसरा मजला, तोही लिफ्टशिवाय, कुणाला प्रिय राहतो? माझी ना होती ती स्वयंपाकघरातला माळा रिकामा करायला.

"माळ्यावर काय आहे गं?" अपेक्षानं आल्या दिवशीच विचारलं.

"भांडी."

"किती?"

"मोजायला वर चढावं लागेल."

अपेक्षा माझी एकुलती एक. एकेचाळीस वर्षांची, बंगलोरला नोकरी, लग्न केलं नाही. घर आवरायला आठ दिवसांची रजा काढून आली होती, आणि घर विकलं की मी तिच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती बोलावत होती. घर विकून देणारा तेजस रोज फोनवर उपदेश करायचा. "काकू, घर मोकळं दिसलं की मोठं दिसतं. बायर इमोशन बघत नाही, स्पेस बघतो." मी म्हटलं, इमोशन आम्ही पिशवीत भरून नेतो, तुम्ही स्पेस विका.

हॉलमध्ये अपेक्षानं तीन चादरी अंथरल्या होत्या. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक मोडीत. दुपारी तिचा डोळा लागला की मी मोडीतली दोन-तीन भांडी हळूच ठेवायच्या चादरीवर सरकवायची. उठल्यावर ती परत सरकवायची. इतपत गंमत चालली होती.

पण माळ्यावर अगदी मागे, पुरणयंत्राच्या आड, एक कडीचा डबा होता. तो तिच्या हाती लागू द्यायचा नव्हता. लागला असता तर मी मुलीला गमावलं असतं, हे मला पंधरा वर्षं पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी बेत केला. रविवारी सकाळी अपेक्षा तिची इंजिनिअरिंगची पुस्तकं विकायला बुधवार पेठेत जाईल, तेवढ्यात वॉचमन संपत माळ्यावरची भांडी उतरवेल आणि तो डबा पहिल्यांदा माझ्या हातात येईल.

संपत आलाच नाही. संध्याकाळी पाच वाजता घर बघायला माणसं येणार होती. अपेक्षानं पुस्तकं राहू दिली, स्टूल ओढलं आणि चढली.

"उतर, पडशील," मी म्हटलं. तिला वाटलं, काळजीनं म्हणते आहे.

परात आली, पातेली आली, झाकणांचं एक पोतं आलं. मग पुरणयंत्र आलं. आणि मग वरून काही येईना. ती माळ्यापाशी वाकून डब्यावरची धूळ ओढणीनं पुसत होती. जुन्या पद्धतीनं टिंबाटिंबांनी घातलेलं नाव होतं त्यावर.

"सौ. सरुबाई आप्पासाहेब, हडपसर," तिनं वाचलं. "आई, हा आपल्याकडे कसा?"

"कुणाचा तरी राहिला असेल."

"विक्रमच्या आईचं नाव सरुबाई. वडील आप्पासाहेब."

ती खाली उतरली, डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. आणखी खोटं बोलायला मला चार क्षण मिळाले होते. ते मी वापरले नाहीत, एवढंच काय ते माझ्या बाजूचं.

विक्रम तिच्या ऑफिसातला. हडपसरची शेतकरी माणसं. शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण घरात अजून गोठा होता. त्याच्याशी लग्न करायचं म्हणून अपेक्षा तेव्हा घरात हट्ट धरून बसली होती. संक्रांतीनंतरच्या एका दुपारी, ती आणि तिचे बाबा दोघंही घरात नसताना, सरुबाई एकट्या आल्या. नऊवारी, हातात हा डबा, तीन जिने चढून दम लागलेला.

"पोराला सांगितलं न्हाई मी," त्या म्हणाल्या होत्या. "उगा आशेवर बसंल. पोरी शिकल्याल्या हायती, त्यांचं त्यांना कळतं. पर तुमच्या मनात काय हाय, ते आदी बघावं म्हनलं. शेंगदान्याच्या पोळ्या हायती. डबा सावकाश द्या. भरून आला तर आमी समजू. मोकळा आला तरी समजू, राग न्हाई धरायचा."

किती सरळ मार्ग काढला होता बाईनं! आणि मी मात्र त्यांचं 'हाय' ऐकत बसले होते. हे 'हाय' मांडवात आपल्या बहिणींना ऐकू जाणार, याचाच विचार करत होते. जात हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नाही. आमच्याकडे तो उच्चारत नाहीत, नुसता पाळतात.

डबा भरला नाही, कारण ते होकार देणं झालं असतं. मोकळाही धाडला नाही. आमच्या घरातून कधी रिकामा डबा परत गेला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मोकळा गेला असता तर ते विक्रमला कळलं असतं, त्याच्याकडून अपेक्षाला, आणि माझ्या घरात भांडण पेटलं असतं. डबा न गेल्यानं नुसता गैरसमज झाला. गैरसमजात माझं नाव कुठे येत नव्हतं.

हे सगळं मी ओट्याला टेकून सांगितलं.

"विक्रम मला म्हणाला होता, आई तयार नाही," अपेक्षा शेवटी म्हणाली. "त्यानं हजारदा विचारलं म्हणे. त्या एकच सांगायच्या, मला पटत नाही, विषय बंद."

सरुबाई नको म्हणतात, एवढंच तेव्हा माझ्या कानावर होतं; मुलानं इतकं विचारलं, हे माहीत नव्हतं. म्हणजे सरुबाईंनी माझं वागणं मुलाला कळूच दिलं नव्हतं. नको म्हणणारी बाई म्हणून सगळा वाईटपणा आपल्या अंगावर घेतला होता. मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, पण खुर्च्या द्यायच्या चादरीवर गेल्या होत्या.

"मी त्यांना आडमुठी म्हणायचे," अपेक्षा म्हणाली. "तुझ्यासमोर म्हणायचे. आणि तू ऐकून घ्यायचीस."

"हो."

"पोळ्यांचं काय केलंस?"

हा प्रश्न येऊ नये, असं फार वाटत होतं. "खाल्ल्या आपण. तू दोन खाल्ल्या होत्यास. कुणी केल्यात म्हणून विचारलंस. मी सांगितलं, खालच्या सुशीलाबाईंनी."

ती तोंडावर हात ठेवून नुसती उभी राहिली. लहानपणी ताप चढला की ती अशीच गप्प व्हायची.

पाचला माणसं आली. तेजसनं त्यांना माळा दाखवला. "बघा, केवढं स्टोरेज! एकदम रिकामं." त्यांना घर आवडलं. मी चहा केला, अपेक्षानं हसून दिला. माणसं गेल्यावर तिनं डबा घासला, पुसला, आणि कडीत बोट अडकवून चपला घालायला गेली.

"आत्ता कुठे?"

"हडपसरला. ज्याचं त्याला देऊन येते."

"थांब, मोकळा नको नेऊस." मी स्वयंपाकघरात धावले. सगळे डबे तिनंच दोन दिवसांपूर्वी रिकामे करून वाटून टाकले होते. चहापुरती ठेवलेली साखर होती, तेवढी मी डब्यात ओतली. तळ जेमतेम झाकला गेला.

"मी येऊ?"

"नको. यायला पंधरा वर्षं होती तुला."

ती दारात पोचली तेव्हा मला राहवेना. इतकी वर्षं जिभेवर होतं ते मी बोलून टाकलं. "सरुबाईंना सांग, पोळ्या फार छान झाल्या होत्या."

अपेक्षा वळली. "त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, आई. विक्रमनं मेसेज केला होता. भेटायला ये म्हणाला. मी गेले नाही."

का गेली नाही, हे मी विचारलं नाही. ती जिना उतरू लागली. डब्यातली साखर पायरीपायरीला खुळखुळत होती, तळमजल्यापर्यंत मला ऐकू येत होती.