डाव्या पायाच्या वर

“पायाचं सांग गं, पण पोटाचं नको. जावई शेजारी बसलेले असतात.”

अकरा वर्षांपूर्वी नलिनीच्या पायात रक्ताची पहिली गुठळी धरली, तेव्हा नागपूरहून आलेल्या आईनं न्हाणीच्या दाराशी हे कुजबुजून सांगितलं होतं. आज इस्पितळात नलिनीनं साडी गुडघ्यापर्यंत वर ओढली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली. डावी तीन सेंटीमीटर जास्त भरली.

शेजारी अनंत, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, मेडिकल बुक मांडीवर धरून. टाउनशिपच्या इस्पितळात बायकोचं दुखणं नवऱ्याच्या स्टाफ नंबरावर लिहिलं जायचं. मग सांगायचंही त्यानंच, अशी रीतच पडून गेली होती.

“तीनदा झालं, आणि हर बार डावाच पाय,” बाई म्हणाल्या. त्या ग्वाल्हेरकडच्या, मराठीत हिंदी मिसळून बोलायच्या. “वर पोटातली नस दबलेली असू शकते. ती तपासली नाही, तर चौथी गुठळी सरळ फुफ्फुसात जाईल. पेडूत दर्द राहतो का?”

“छे, तसं काही नाही,” अनंत म्हणाला. “पायच आहे फक्त. दिवसभर उभी असते ना.”

“यांना काय विचारता, मॅडम?” नलिनी म्हणाली. “पोट माझं आहे.”

बाईंचं पेन थांबलं. “भाऊसाहेब, तुम्ही जरा बाहेर बसता?”

अनंत अर्धा उठला.

“बसू द्या त्यांना. अकरा वर्षं माझं सगळं हेच सांगत आलेत. आज ऐकू देत.” तिनं साडी खाली सोडली, निऱ्या सारख्या केल्या. “दुखतं. संध्याकाळी ओट्याशी उभी राहिले, की भरली कळशी आत लोंबावी तसं ओढतं. पाळीच्या आधी तर बसवत नाही.”

“मला कधी बोलली नाहीस,” अनंत हळूच म्हणाला.

“तुम्ही कधी विचारलंत?”

त्यानं बुकाचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला. बाई भराभर लिहीत होत्या. मान वर न उचलता त्यांनी विचारलं, “और कधी वाढतं?”

नलिनीनं बाईंकडे पाहिलं नाही. अनंतकडे पाहिलं, नजर न हलवता.

“तुम्ही जवळ आलात की. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकतं. मी पोरीच्या खोलीत निजायला जाते ना, ते उकडतं म्हणून नाही.”