गुरुवार, एकोणीस मार्च

“तुझं मला दाखवायचं नाही म्हणालास ना? मग इथे समोर बसू नकोस. बाहेर जा. झालं की हाक मारते,” मार्लिस म्हणाली आणि तिने चष्मा लावला.

लाइल कॉफीचा मग घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. पंचावन्न मैल गाडी चालवून तो आला होता, तो बहिणीकडून गृहपाठ करून घ्यायला. शेजारचा माणूस कुंपणापाशी बर्फ काढायच्या फावड्याचा दांडा बसवत होता. त्याने मान हलवली, लाइलनेही हलवली.

लाइल हॉगस्टाड सत्तावन्न वर्षांचा होता. तेहतीस वर्षं त्याने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दुधाचा टँकर चालवला. पहाटे गोठ्यागोठ्यावर जायचं, दूध हुंगायचं, नमुना घ्यायचा, नळी लावायची. मग पाठ गेली. डॉक्टरांनी नळी उचलायची नाही असं सांगितलं. निवृत्त सैनिकांच्या वसतिगृहात सोबतीचं, बोलण्याबसण्याचं काम मिळण्यासारखं होतं, पण त्यासाठी एक प्रमाणपत्र लागत होतं आणि त्या प्रमाणपत्रात ‘मानसशास्त्राची ओळख’ हा विषय सक्तीचा होता. तालुक्याच्या कॉलेजातून तो घरी बसून कॉम्प्युटरवर करता येई.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी स्वतःबद्दल एक गंमतशीर गोष्ट लिहायची होती. लाइलने लिहिलं, ‘गाईने रानकांदा खाल्ला असेल तर मला दुधाच्या वासावरून कळतं.’ बाकीची मुलं अठरा-एकोणीसची. त्यातल्या एकीने खाली लिहिलं, ‘सर, हे भारी आहे.’ त्याला कुणी सर म्हणायची ती पहिलीच वेळ.

सातवा धडा स्मृतीचा होता. बाई, म्हणजे डॉक्टर कुर्त्स, ज्यांना त्याने फक्त पडद्यावर पाहिलं होतं, त्यांनी काम दिलं होतं : लहानपणचा एक घरगुती प्रसंग आठवतो तसा लिहा. मग तो माहीत असलेल्या दुसऱ्या कुणाकडून, आपलं न दाखवता, लिहून घ्या. दोन्ही ताडून पाहा. तीनशे शब्द. लाइल जत्रेत वासरू सुटलं होतं त्याबद्दल लिहिणार होता. लिहायला बसला आणि लिहिलं गेलं ते धाकट्या बहिणीचं, पेगीचं.

फोनवर त्याने मार्लिसला सांगितलं, “पेगीचा दिवस.” पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “रविवारी ये. जेवूनच ये, मी काही करणार नाही.” आणि तरी तिने ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा केक करून ठेवला होता.

“झालं,” आतून हाक आली.

त्यांनी टेबलावर कागद बदलले. लाइलच्या कागदावर होतं : मी सात वर्षांचा होतो. आई कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, लाइल, पेगीकडे लक्ष दे. मी गोठ्यामागे मांजरीची पिल्लं बघत बसलो. तळ्यावरचा बर्फ पातळ झाला होता. पेगी चार वर्षांची होती.

मार्लिसच्या कागदावर होतं : मी दहा वर्षांची होते. आई म्हणाली, मार्लिस, पेगीला बघ. मी वरच्या खोलीत रेडिओ लावून बसले.

तिने त्याचा कागद दोनदा वाचला. “तू तिथे नव्हतास,” ती म्हणाली.

“होतो.”

“लाइल, पिल्लं त्या वर्षी नव्हतीच. पिल्लं पुढच्या वर्षी झाली. आईनं मला सांगितलं होतं.”

“तुला कशाला सांगेल? तू वर होतीस ना.”

“वरून खाली हाक ऐकू येते.”

“मार्लिस, माझं ऐक. तुझी चूक नव्हती. इतकी वर्षं तू उगीचच—”

“उगीचच काय?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “माझ्या मुलींना मी कधी पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. अजून पोहता येत नाही दोघींना. का ते त्यांना सांगितलं नाही, तुला नाही, कुणालाच नाही. आणि तू आज तीनशे शब्द घेऊन येतोस आणि म्हणतोस ते माझं नव्हतंच?”

“मी फक्त म्हणतोय की ते माझं आहे.”

“ते माझं आहे,” मार्लिस म्हणाली. “तू दुसरं काहीतरी शोध.”

तिने केक कागदात बांधून त्याच्या हातात दिला. ते दार लावण्यासारखंच होतं.

परतताना लाइलच्या मनात कॉनीचा विचार येत राहिला. कॉनी त्याची बायको; तिला मूल हवं होतं. तो दरवेळी म्हणे, “माझ्या कामाच्या वेळा बघ.” नऊ वर्षं तिने कामाच्या वेळा बघितल्या, मग गेली. आता तिला दुसऱ्या नवऱ्यापासून दोन मुलगे होते. तिलाही त्याने खरं कारण सांगितलं नव्हतं.

गृहपाठातला शेवटचा प्रश्न होता : दोन्हीपैकी कोणती आठवण सत्याच्या अधिक जवळ आहे, आणि कशावरून? त्याचं उत्तर कसं द्यावं हे त्याला कळेना. मंगळवारी तो लायब्ररीत गेला. तिथल्या बाईंनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्मचं रीळ काढून यंत्रावर चढवून दिलं. “कुठला दिवस?” त्यांनी विचारलं. वार त्याला माहीत नव्हता. थडग्यावरची तारीख माहीत होती.

बातमी दुसऱ्या पानावर होती, शेतकी अवजारांच्या जाहिरातीशेजारी. सात ओळी. गुरुवारी, एकोणीस मार्चला, दुपारी एकच्या सुमारास, तळ्यात बुडून. आई, मिसेस आर्डिस हॉगस्टाड, अंगणात कपडे वाळत घालत असताना. वडील शहरात चाऱ्याच्या दुकानी गेलेले. घरात आणखी कुणी नव्हतं. थोरली दोन मुलं शाळेत होती.

लाइलने ती शेवटची ओळ वाचली आणि यंत्राचं चाक मागे-पुढे फिरवून पुन्हा तिथेच आणली. त्याने शाळा आठवून पाहिली. बाक, डबा, मुख्याध्यापकांनी बोलावून घेणं. काहीच येईना. पिल्लं मात्र दिसत होती, एक करडं, दोन काळी.

त्याने उत्तर लिहिलं : ‘एकही नाही. आम्ही दोघेही शाळेत होतो. आई रोजच आम्हाला पेगीकडे बघायला सांगायची. त्यातलं कुठलं तरी सांगणं आम्ही त्या दिवसाला नेऊन जोडलं असावं.’ मग शब्द मोजले आणि पाठवून दिलं. मार्लिसला फोन केला नाही.

आठ दिवसांनी वीसपैकी अठरा गुण मिळाले. वर्तमानपत्राचा संदर्भ ठरलेल्या पद्धतीने दिला नव्हता म्हणून दोन कापले होते. खाली डॉक्टर कुर्त्स यांनी लिहिलं होतं, ‘बातमी बहिणीला दाखवलीत का? त्या काय म्हणाल्या?’

हा प्रश्न गुणांसाठी नव्हता, तरी लाइलला त्याचं उत्तर देणं भाग वाटलं. शनिवारी दुपारी तो न सांगताच मार्लिसच्या दारात उभा राहिला.

“आता काय, आठवा धडा?” ती म्हणाली, पण बाजूला झाली.

त्याने बातमीची प्रत टेबलावर ठेवली. ती उभ्यानेच वाचायला लागली, मग बसली. वाचून झाल्यावरही तिचं बोट शेवटच्या ओळीखाली होतं.

“गुरुवार,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे आई एकटीच होती.”

आईला जाऊन दहा वर्षं झाली होती. पेगीचं नाव तिने घरात कधी घेतलं नव्हतं, आणि तिने ते न घेणं त्या दोघांनीही, वेगवेगळ्या खोल्यांत, आपापल्या नावावर लिहून टाकलं होतं.

“मला वाटायचं, ती माझ्याकडे बघत नाही,” मार्लिस म्हणाली. “अठराव्या वर्षी लग्न करून निघाले ते त्यासाठीच. शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा मी दोनदा गेले. दोनदाच.”

“मी रोज जायचो. तरी ती काही बोलली नाही.”

“तू विचारलंस?”

“नाही.”

तिने चष्मा काढून पुसला आणि न लावता तसाच हातात ठेवला. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला आणि थांबला.

“गुरुवारी जेवणानंतर गाण्याचा तास असायचा,” मार्लिस म्हणाली. “सगळी शाळा खालच्या मोठ्या खोलीत. पहिली ते सहावी, एकत्र.”

“एक वाजता?”

“एक वाजता.”

“काय गायचो?”

तिने विचार केला. त्यानेही केला. एक चाल जवळ आल्यासारखी वाटली, पण ती दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणची निघाली.

“ते नाही आठवत,” ती म्हणाली. “पण तू पुढच्या रांगेत असायचास. बुटका होतास.”