हातातून निसटलेला हँडबॉल

मी एक जुना हँडबॉल आहे, मित्रांनो. फुटबॉल नव्हे! निपाणीत आलो त्याच दिवशी कुणीतरी मला लाथ घातली, तो राग अजून गेलेला नाही.

जालंधरच्या एका कारागिराने चामड्याचे तुकडे शिवून मला घडवले. १९८३ साली निपाणीच्या एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका लतिकाबाई यांनी मुलींचा क्लब काढला आणि मला मागवून घेतले. त्या क्लबात अठरा वर्षांची कल्याणी होती. दिवसभर आईबरोबर तंबाखूचे शेंडे खुडायची आणि संध्याकाळी तशीच मैदानावर यायची. खुडणीने हाताला काळा चिकटा बसतो. त्या हातांत मी गेलो की सुटायचे नाव घेत नसे. मीही काळा पडलो, पण तिने एका हाताने झेलून मला गोलात मारले की टाळ्याच टाळ्या! माझी छाती फुगायची. तशी ती हवेने आधीच फुगलेली असते म्हणा.

पुढच्या वर्षी बातमी आली. बेळगावचा एक क्लब आशिया खंडातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेसाठी परदेशी जाणार होता. संघात एकच जागा रिकामी होती. लतिकाबाईंनी चाचणीला कल्याणीचे नाव दिले.

जायच्या सकाळी त्या मला घेऊन तिच्या घरी गेल्या. तिची आई गंगव्वा लेकीचे हात लिंबू आणि राख लावून घासत होती. तिचे स्वतःचे हात काळेच होते.

"आये, बास की गं. कातडं निघंल," कल्याणी म्हणाली.

"शेरातल्या पोरी हसतील. माझ्या लेकीला कुणी नाव ठेवायचं न्हाय," गंगव्वा म्हणाली.

लतिकाबाई कौतुकाने बघत राहिल्या. चिकट्याचा विचार ना त्यांच्या मनात आला, ना माझ्या.

बेळगावात चाचणी माझ्यावरच झाली. कल्याणीने हात उचलला आणि मी निसटलो. पुन्हा निसटलो. त्या गुळगुळीत तळव्यांत मला थांबताच येईना. मी जिवाचा आटापिटा केला, मित्रांनो! तिसऱ्यांदा मी थेट मैदानाबाहेर गेलो आणि त्या जागेवर दुसऱ्या मुलीचे नाव लागले.

परतताना बसमध्ये कल्याणीने तळवे नाकाशी धरले. लिंबाचा वास अजून येत होता. काय चुकले ते तिला कळले आणि लतिकाबाईंनाही.

"बाई, आयेला सांगू नका," ती म्हणाली.

गंगव्वा दारातच उभी होती. "काय झालं गं?"

कल्याणीने मला पुढे केले. "ह्या चेंडूत वारंच न्हवतं, आये. सारखा निसटला."

"व्हय? मुडदा बशिवला ह्याचा!" गंगव्वाने मला एक धपाटा घातला आणि रडणाऱ्या लेकीला जवळ घेतले. मला वाईट वाटले नाही. तो धपाटा मी आनंदाने खाल्ला.

पुढे मी बरीच वर्षे खेळलो. आता शिवण उसवून शाळेच्या कपाटाखाली पडलो आहे. मित्रांनो, चेंडूला पावसात टाकू नका, त्यात वेळच्या वेळी हवा भरा, एवढे माझे मागणे आहे. आणि त्या दिवशी माझ्यात हवा अगदी भरपूर होती, हे गंगव्वाला कधी सांगू नका.