मापनकक्षातील शुभ्र गोळा

ओतीव लोखंडाचा पहिला तुकडा काच फोडून आत आला आणि मुस्तकीमच्या कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळला. दुसरा त्याच्या खांद्यावर बसला. तो खुर्चीसह कोसळला, आणि फुटक्या काचेच्या चौकटीतून फोरमन निवृत्ती आत शिरला.

"थंड हवेत बसून माझ्या पोराला घरी बसवतो का रे?"

अंबडच्या त्या कारखान्यात पंपांची घरे, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचे, घडत. प्रत्येक घराचे भोक तपासण्याचे काम मापनकक्षातल्या यंत्राचे होते. सगळे त्याला सीएमएम म्हणत. ग्रॅनाइटच्या मेजावर सरकणारी त्याची भुजा, टोकाशी मोहरीएवढा माणिक मिरवणारी सुई घेऊन, धातूला हलकेच स्पर्श करी आणि पडद्यावर माप उमटे. मुस्तकीम ते यंत्र चालवी. गेल्या काही आठवड्यांपासून मात्र एखाद्या दिवशी ते अचानक सगळी भोके मोठी दाखवू लागे, आणि दुसऱ्या दिवशी तशीच भोके निमूटपणे मान्य करी. नाकारलेल्या मालाचा ठपका निवृत्तीच्या यंत्रशाळेवर आला आणि आदल्या दिवशी त्याच्या मुलाला, सनीला, कामावरून काढण्यात आले.

मुस्तकीमने उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. केबल बदलली, हवेचा दाब तपासला, खोलीचे तापमान दिवसभर न्याहाळले. यंत्राच्या कंपनीचा अभियंता येऊन सॉफ्टवेअर नव्याने बसवून गेला. पडद्यावरच्या इशाऱ्याच्या खिडक्या वारंवार काम अडवतात म्हणून त्या अभियंत्याने इशाऱ्याची मर्यादाही सैल केली. दोष कायम राहिला. आज दुपारपर्यंत कारण सापडले नाही तर सनीपाठोपाठ मुस्तकीमलाही घरी जावे लागणार, असे गुणवत्ता विभागाच्या प्रमुख अंजलीबाईंनी सांगितले होते.

"अण्णा, मी मुद्दाम काही करत नाही," मुस्तकीम उठू पाहत म्हणाला. "मशीनच—"

निवृत्तीने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. मुस्तकीम पुन्हा खाली गेला, तेव्हा निवृत्तीने बुटाने त्याच्या बरगडीत लाथ घातली. एकदा, मग पुन्हा. बाहेर यंत्रशाळेतले कामगार दाटले होते. कुणी ओरडत होते, कुणी नुसते पाहत होते.

"मशीन खोटं बोलती, नाय का? तर आता बघ तिचं काय करतो!"

त्याने कमरेला खोचलेला आखूड दांड्याचा घण काढला. तो मेजाजवळ गेला आणि अकस्मात थबकला. मेजाच्या कोपऱ्यात, चुंबकाच्या बैठकीवर, सिरॅमिकचा एक शुभ्र गोळा उभा होता. सकाळी काम सुरू करताना सुई प्रथम या गोळ्याला स्पर्श करी आणि त्यावरून स्वतःच्या टोकाचा आकार ठरवी. दिवसभराची सारी मापे त्या एका आकारावर उभी राहत. निवृत्तीने घण काखेत धरला. दोन्ही हातांनी त्याने गोळा उचलला, कपाळाला लावला आणि घाव लागू नये म्हणून अलगद खुर्चीवर ठेवला. देवघरातली वस्तू हलवावी, तसे त्याचे हात क्षणभर नम्र झाले होते. मग घण पुन्हा वर गेला.

जमिनीवरून मुस्तकीमला त्याचे घामेजलेले कपाळ दिसले. मघापर्यंत ते स्वच्छ होते. आता त्यावर गोळ्याने पांढरा, ओलसर पट्टा उठवला होता.

"अण्णा, कपाळाला काय ते?"

"विभूती! त्र्यंबकची. मी रोज सकाळी सगळ्या मशिनींना उदबत्ती दाखवतो, तुला ठाऊक नाय का? ज्या दिवशी माल रिजेक्ट व्हायचं भ्या वाटतं, त्या दिवशी या पिंडीला, या पांढऱ्या गोळ्याला, विभूती लावतो. पण तुझ्यासारखा बसलाय इथं, देव काय करणार?"

मुस्तकीमच्या डोळ्यांपुढे सारा क्रम उलगडला. गोळा तो स्वतः पुसायचा, पण संध्याकाळी, घरी निघताना. पुरावा त्याच्याच हाताने दररोज नाहीसा होत होता. सकाळी विभूतीचा ओला लेप पांढऱ्यावर पांढरा वाळे, सुई त्याला शिवे, आणि यंत्र आपले टोक आहे त्याहून जाड समजून दिवसभर प्रत्येक भोक मोठे सांगे. एरवी पडद्यावर इशाऱ्याची खिडकी उघडली असती. ती अभियंत्याने मर्यादा सैल करून बंद केली होती. आता हा घण सुईवर पडला, तर हे कुणालाच दाखवता येणार नव्हते.

घण खाली येत असताना तो झेपावला आणि त्याने उजवा हात मध्ये घातला.

हाड मोडल्याचा आवाज बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला. मुस्तकीम किंचाळला. तेव्हा कुठे कामगार आत धावले. धडपडणाऱ्या निवृत्तीने एकाच्या नाकावर कोपर मारले, दुसऱ्याला काचांवर ढकलले. शेवटी चौघांनी त्याला भिंतीशी दाबून धरले. अंजलीबाई धावत आल्या.

"ॲम्ब्युलन्स बोलवा! मुस्तकीम, हलू नकोस!"

"आधी गोळा द्या, मॅडम. आणि स्पिरिट."

"वेडा झालास का? तुझा हात बघ!"

"हात त्याच्यासाठीच मोडलाय. द्या."

मोडका हात त्याने छातीशी धरला. त्याने डाव्या हाताने गोळा पुसला. फडक्यावर करडा डाग आला. गोळा मेजावर बसवून त्याने डाव्याच हाताने भुजा चालवली. आरंभी टोक चुकले, यंत्राने कर्कश शिट्टी दिली. नंतर सुई गोळ्याला नीट टेकली आणि यंत्राने तिच्या टोकाचा आकार नव्याने ठरवला. मग आदल्या दिवशी नाकारलेले, सनीच्या हातचे एक घर त्याने मेजावर ठेवायला सांगितले. सुई भोकात उतरली. पडद्यावर हिरवी अक्षरे आली: माल मान्य.

निवृत्तीने करडा डाग पडलेल्या फडक्याकडे पाहिले. धरणाऱ्यांनी पकड सोडली नाही.

"म्हंजे... मीच?" तो पुटपुटला. "जेवढं भ्या वाटलं, तेवढी जास्त लावली रे मी."

अंजलीबाई मुस्तकीमजवळ वाकल्या. हळूच म्हणाल्या, "सनीला मी आजच परत घेते. पण पोलीस आले तर कंपनीचं नाव... तू घसरून पडलास असं सांगितलंस, तर अण्णांचाही संसार वाचेल."

निवृत्तीने मान वर केली नाही. मुस्तकीमच्या हनुवटीवरून रक्ताचे थेंब ग्रॅनाइटवर पडत होते. त्याने ते बाहीने पुसले, पुन्हा पुसले.

"सनीचा माल चांगला होता, हे लिहा," तो म्हणाला. "आणि अण्णांनी मला घणाने मारलं, हेही लिहा. एक खरं सांगायला दुसरं खोटं नाही सांगणार मी."

मग त्याला भोवळ आली, आणि पडता पडता त्याला धरायला सगळ्यांत आधी निवृत्ती पुढे झाला; पण त्याचे हात अजून दुसऱ्यांनी पकडलेले होते.