सीट चार बोटं वर

मी सायकल. बोलायची मला सवय नाही, करकरायची आहे. पण आज जरा ऐकून घ्या.

लांबच्या वाटेसाठीच माझा जन्म. हाडापेरानं मजबूत, मागे कॅरिअर, दोन्ही अंगांना पिशव्या. माझा मालक शिलाई मशीन दुरुस्त करायचा, गावोगाव हिंडायचा. पिशवीत पाने, तेलाची बाटली, सुयांच्या डब्या. कुठेही थांबलं की दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा त्याचा हट्ट. माणूस बुटका, म्हणून सीट अगदी खाली. पहिल्या दिवशी नट आवळला तो आवळला.

हात थरथरायला लागले तसा त्याचा धंदा सुटला. मग घर ते बाजार, एवढंच माझं जग उरलं.

अशात घरात सून आली. ताडमाड उंच. बेकरीत कामाला, दिवसभर भट्टीसमोर उभी. एका सुट्टीला मला घेऊन निघाली ती ऊन कलल्यावरच परतली. तोंडावर असं तेज, की मालक म्हणाला, "पोरी, यापुढे हिला नेताना विचारत बसू नकोस."

पुढे तिला कोणीतरी सांगितलं, सायकलींची एक मोठी फेरी असते, लांबचा पल्ला ठरल्या वेळेत गाठायचा. गेल्या वर्षी आम्ही गेलो. पोचलो तेव्हा पोचल्याचा शिक्का मारणारे लोक टेबलं उचलून घरी गेले होते. ती तिथल्याच एका पायरीवर दुखरे गुडघे धरून बसली. डॉक्टर म्हणाले, गुडघे असेच दुखणार असतील तर सायकल सोडा.

घरी म्हणाली, "अजून एकदाच जाते. नाही जमलं तर हिला हात जोडते."

म्हणजे पुन्हा घर ते बाजार.

मग तिनं मला हलकं करायला घेतलं. कॅरिअर गेलं, पिशव्या गेल्या, स्टँड गेला, मडगार्ड गेले. चेन रॉकेलनं आंघोळ करून आली. जाड टायर जाऊन हलके, मऊ टायर आले. मालक पायरीवर बसून सगळं बघत होता.

"सगळं जुनं काढलंस. आता मीच तेवढा राहिलो."

"तुम्हाला काढून वजन कितीसं कमी होणार, बाबा?" ती म्हणाली.

तिच्या नवऱ्यानं हौसेनं हवा भरली, पार दगड केला माझा. खडीवर मी अशी उडाले की तिचे दात वाजले. मालक मुलाला म्हणाला, "काढ थोडी. माणूस काय, सायकल काय, हवा जास्त झाली की जमिनीवर ठरत नाही." हवा उतरली तशी मी रस्ता धरून पळायला लागले.

पण गुडघे काही ऐकेनात.

एका सकाळी ती निघाली, तेव्हा मालक दारात उभा होता. पाठमोरं बघितलं त्यानं तिला. गुडघे बेडकासारखे वर येत होते. परतल्यावर त्यानं विचारलं, "एवढं सगळं केलंस, सीट का नाही वर घेतलीस?"

ती घोटाळली. "ती तुमच्या मापाची आहे, बाबा."

"मडगार्ड काढताना नाही आठवलं?"

"ते सामान होतं. सीट हलवली तर तुम्ही बसणार कसे?"

मालक आत गेला, तेलाची बाटली घेऊन आला. इतक्या वर्षांचा गंजलेला नट, सहज कसा सुटेल? तेल मुरू दिलं, मग पाना लावला. हात थरथरत होते, तरी मुलाला हात लावू दिला नाही. मी किंचाळले आणि सुटले. आत दडलेली माझी चकचकीत दांडी पहिल्यांदाच उजेडात आली. या वयात लाजले मी.

चार बोटं वर घेतली त्यानं सीट. तिला बसवलं, टाच पॅडलवर ठेवायला लावली, पाय सरळ होतोय ना बघितलं, आणि नट आवळला.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी पायी जाईन. बाजार काय टेबलं उचलून घरी जातोय?"

फेरीच्या दिवशी काय सांगू, माझ्या अंगात वारं भरलं होतं. तिचे पाय लांब, मोकळे, लयीत. चढ आला तरी ती कण्हली नाही. पोचलो तेव्हा टेबलामागे शिक्का मारणारा अजून बसलेला होता. तिनं पहिला फोन घरी लावला. म्हणाली, "बाबा, गुडघे दुखत नाहीयेत." शिक्क्याचं नंतर सांगितलं.

आता मी तिची. मालक रोज सकाळी मला पुसतो, टायर दाबून बघतो. परवा शेजाऱ्यानं विचारलं, "हल्ली तुम्ही चालवत नाही?"

"पाय पोचत नाहीत," तो म्हणाला. "आमच्या घरातलं माणूस उंच झालंय."

बोलला ताठ मानेनं. पण बाजारातून येताना वाटेत दोनदा टेकतो, हे घरात कोणाला सांगत नाही. म्हणून तुम्हाला एक मागणं. कुठे जुनी, बुटकी, शांत स्वभावाची सायकल दिसली तर कळवा. सवत आली तरी माझी तक्रार नाही. माझ्याशेजारी भिंतीला भरपूर जागा आहे.